स्नोमोबाइल तापते म्हणून नवी घ्यावी का?

मिनेसोटात डुलुथजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे २०१५ची, ६०० सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक स्नोमोबाइल, म्हणजे हिमावर चालणारी गाडी, आहे. दोन वर्षांपूर्वी ती त्यांनी ४,८०० डॉलरला जुनी घेतली. या हिवाळ्यात तळ्यावरून जाताना तीनदा तापमानाचा लाल दिवा लागला. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली रिकामी होत राहते, म्हणून दोनदा त्यांनी नळाचं पाणी ओतलं. एका दुकानात ‘इंजिन उघडून नव्याने बांधावं लागेल, ३,४०० डॉलर’ असं सांगितलं. दुसरीकडे एक डीलर जुनीचे १,२०० डॉलर धरून नवी द्यायला तयार आहे, पण मार्चअखेरपर्यंतच. कर आणि फी धरून १३,००० डॉलरचं कर्ज, ९.९ टक्के व्याज, ८४ महिने. घरची बचत ९,४०० डॉलर, महिन्याचा खर्च ४,२००, क्रेडिट कार्डावर २,१०० थकलेले आणि त्यावर २४ टक्के व्याज. मे महिन्यात साताऱ्याहून आई-वडील येणार आहेत. दुरुस्ती करू की नवी घेऊ, असं ते विचारतात.

नमस्कार,

आज ३,४०० खर्च करू नका आणि १३,०००चं कर्जही घेऊ नका. आधी दोन-अडीचशे डॉलर घालून गाडी नीट तपासून घ्या, आणि तोवर तिच्यावर बसून तळ्यावर जाऊ नका. कारणं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रात तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या दोन-तीन गोष्टींवर हजारो डॉलर अवलंबून आहेत.

पुण्याहून साताऱ्याला जाताना ऐन मे महिन्यात खंबाटकी चढणाऱ्या, बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या जीपा तुम्ही लहानपणी पाहिल्या असतील. त्यांना वारा कमी पडायचा. तुमच्या गाडीला हिम कमी पडतंय. लिक्विड-कूल्ड स्नोमोबाइलमध्ये इंजिनातलं गरम कूलंट ट्रॅकच्या (गाडीखाली फिरणाऱ्या पट्ट्याच्या) वरच्या पत्र्यात, म्हणजे टनेलमध्ये बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या हीट एक्स्चेंजरमधून फिरतं. ट्रॅक जे भुसभुशीत हिम उडवतो ते त्यांच्यावर आपटतं, वितळतं आणि उष्णता घेऊन जातं. तळ्यावरचं हिम वारा झाडून नेतो आणि खाली नुसता टणक बर्फ उरतो. ट्रॅकला उडवायला काही मिळतच नाही. मग बाहेर उणे वीस असलं तरी इंजिन तापतं. तुम्हीच लिहिलंय की झाडीतल्या ताज्या हिमात शिरल्यावर पाच मिनिटांत काटा खाली आला. ही तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. इंजिन आतून गेलेलं असतं तर नुसत्या हिमाने ते इतक्या लवकर निवण्याची शक्यता कमी होती. यावरचा उपाय म्हणजे आइस स्क्रॅचर, मागच्या सस्पेन्शनच्या रुळांना लावायच्या स्प्रिंगसारख्या तारा. त्या बर्फ खरवडून त्याचा भुगा वर उडवतात. शंभर डॉलरच्या आसपास जोडी येते. हे न लावता इंजिन बांधायला घेणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मात्र स्क्रॅचर नसल्यामुळे बाटली रिकामी होत नाही. कूलंट कुठेतरी जातंय, आणि ते कुठे जातंय हे न बघता दिलेल्या कोणत्याही अंदाजावर मी पैसे लावणार नाही. सैल झालेला क्लॅम्प, चिरलेला होज, पाण्याच्या पंपाचं सील, दाब न धरणारं झाकण, ट्रॅकच्या खिळ्यांनी खरचटून फुटलेला एक्स्चेंजर ही सगळी बाहेरची गळती झाली. गाडी थंड असताना कूलिंग सिस्टिममध्ये हवा भरून दाब टिकतो का बघितलं की ती सापडते. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. दाब टिकला नाही आणि बाहेर कुठेही ओल दिसली नाही, किंवा इंजिन चालू असताना बाटलीत बुडबुडे येत राहिले, तर मग हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या वरच्या झाकणामधल्या सीलचा, संशय घ्यायचा आणि दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायचं. दोन्हींचे आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले, तर ‘इंजिन बांधा’ या सल्ल्याचा आधारच कमी होतो. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्या दुकानात यातलं काहीच मोजलं गेलं नाही. लक्षणं ऐकून आकडा सांगितला गेला. त्यांची नियत वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण न मोजता सांगितलेल्या ३,४०० डॉलरला मी अंदाजही म्हणणार नाही.

आता त्या नळाच्या पाण्याबद्दल, कारण याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कूलंट म्हणजे अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) आणि पाण्याचं मिश्रण. अँटिफ्रीझ आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असलं की मिश्रण साधारण उणे ३७ सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. दोनदा पाणी ओतल्यावर तुमचं मिश्रण पातळ झालंय. डुलुथच्या एखाद्या रात्री ते टनेलमध्ये गोठून रबडीसारखं घट्ट होतं, फिरत नाही, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात लाल दिवा लागतो. गोठणारं पाणी फुगतं, त्यामुळे एक्स्चेंजर फुटायचीही भीती असते. मिश्रण कितीला गोठेल हे सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर वीस-तीस डॉलरला मिळतो. आणखी एक, सिस्टिममध्ये वरून पाणी ओतलं की हवेचा बुडबुडा अडकून राहतो आणि तिथे कूलंट पोचत नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसा गाडीचा पुढचा भाग उचलून, ब्लीड स्क्रू सैल करून ती हवा काढावी लागते. कूलंट बदलणं आणि हवा काढणं तुम्ही गॅरेजमध्ये स्वतः करू शकता. झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. आणि काढलेलं कूलंट एक मिनिटही उघड्यावर ठेवू नका. अँटिफ्रीझमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. तुमच्या घरात दहा वर्षांची मुलगी आणि कुत्रा दोघंही आहेत.

आता पैशांकडे येतो. १३,००० डॉलर ९.९ टक्क्यांनी ८४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २१५ डॉलर बसतो. सात वर्षांत तुम्ही १८,०००च्या थोडे वर भराल, म्हणजे व्याजच पाच हजार. शिवाय कर्ज देणारे बहुधा पूर्ण विमा मागतात, तो खर्च वेगळा. यंदा तुम्ही नऊ दिवस गाडी चालवलीत. हप्त्यांचे वर्षाचे २,५८० भागिले नऊ, दिवसाला २८७ डॉलर. तुमच्याच पत्रात आहे की जवळच्या रिसॉर्टवर दिवसभराचं भाडं २५० डॉलर पडतं. आणि नऊ दिवस मिळाले तो हिवाळा बरा म्हणायचा. २०२३-२४चा हिवाळा आठवा. मिनेसोटात नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका उबदार हिवाळा झाला नव्हता. हिम नाही म्हणून तुमच्याच भागातली जॉन बेअरग्रीज ही कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत रद्द झाली. अशा वर्षी गाडी गॅरेजमध्ये उभी राहते, हप्ता मात्र जुलैतही जातो.

दुरुस्तीचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडा. दोन वर्षांपूर्वीचे ४,८०० डॉलर विसरून जा. ते गेले, आणि ‘एवढे घातलेत म्हणून आणखी घालू’ हा विचार त्यांना परत आणत नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे अशी चालती गाडी तुमच्या भागात साडेतीन हजारांना विकली जाते आणि बिघडलेली बाराशेला. दोन्हींतलं अंतर २,३००. त्यामुळे ३,४००ची दुरुस्ती मुळातच बसत नाही. तुमच्यासाठी मी मर्यादा १,२०० डॉलर धरतो, तपासणी आणि स्क्रॅचर त्यातच. गळती, थर्मोस्टॅट, होज, कूलंट हे सगळं त्यात आरामात होईल. हेड गॅस्केट निघालं आणि कॉम्प्रेशन चांगलं असेल, तर लेखी अंदाज घ्या आणि बाराशेच्या आत बसत असेल तरच हो म्हणा. क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) किंवा सिलिंडर गेलेला निघाला तर थांबा. गाडी आहे तशी विका, दोष स्पष्ट सांगून विका, आणि घाईत मार्चमध्ये डीलरला देण्यापेक्षा नोव्हेंबरात पहिलं हिम पडल्यावर विका. तेव्हा गिऱ्हाईक येतं. विकत घेताना याच्या उलट करायचं. ट्रेल, म्हणजे स्नोमोबाइलच्या वाटा, १ एप्रिलला बंद झाले की लोक जुन्या गाड्या कमी भावात काढायला लागतात. डीलरची मार्चअखेरची मुदत ही त्याची गरज आहे, तुमची नाही.

बचतीतले ९,४०० म्हणजे तुमचा सव्वादोन महिन्यांचा खर्च. एका पगारावर घर चालत असताना हे कमी आहे. त्यातून सगळ्यात आधी कार्डाचे २,१०० फेडा. त्यावर वर्षाला पाचशे डॉलर व्याज जातंय आणि २४ टक्के सुखरूप मिळवून देणारी दुसरी कोणतीही जागा मला माहीत नाही. दुसरं, आई-वडिलांचा अमेरिकेतल्या मुक्कामाचा वैद्यकीय विमा. आधीपासूनच्या आजारांना तो किती संरक्षण देतो ते ओळ न ओळ वाचून घ्या. वडिलांना रक्तदाब आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि इथल्या इमर्जन्सी रूमची एक रात्र या गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते. या दोन्हीनंतर जे उरेल त्यातून १,२००. आणि नव्या गाडीच्या हप्त्याचे जे २१५ डॉलर तुम्ही दरमहा काढायला तयार होतात, ते याच महिन्यापासून वेगळ्या बचत खात्यात टाका. पुढच्या एप्रिलपर्यंत अडीच हजारांच्या वर जमतील. तेव्हा जुनी चांगली गाडी रोखीने घ्यावीशी वाटली तर मी अडवणार नाही.

‘एवढ्या पैशांची चैन करणं चूकच आहे का’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. चूक नाही. इथल्या पहिल्या दोन हिवाळ्यांत पत्नी खिडकीशी बसून असायची आणि आता तीच शनिवारी सकाळी हेल्मेट शोधते, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. त्यासाठी वर्षाला काही शे डॉलर जावेत. ते बजेटमध्ये घरखर्चासारखे लिहून ठेवा, चोरून केल्यासारखे नकोत. फक्त मुलीला मागे बसवून रस्त्यापासून वीस मैल आत, उणे पंचवीसमध्ये, कधी बंद पडेल ते माहीत नसलेल्या इंजिनावर नेऊ नका. तपासणी होईपर्यंत गाडी घरच्या अंगणापुरतीच चालवा, आणि नंतरही दुसरी एखादी गाडी सोबत असेल तरच लांब जा.

दुकानात फोन करताना ‘इंजिन बघा’ म्हणू नका. ‘प्रेशर टेस्ट, कॉम्प्रेशनचे दोन्ही आकडे आणि कूलंटचा गोठणबिंदू, एवढं लिहून द्या’ असं सांगा. तो कागद मिळाला की फोटो काढून मला पाठवा. गॅस्केट निघालं तर कामाला हो म्हणण्याआधी पाठवा.