यजमानांच्या नावाने शिष्यवृत्ती: ट्रस्ट काढावा का?

प्रश्न: मी ६१ वर्षांची, ठाण्यात चरईला राहते. अनुदानित शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, पेन्शन ३२,००० रुपये. यजमान वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते, गेल्या वर्षी गेले. त्यांच्या पीएफची पेन्शन म्हणून मला ३,५०० मिळतात. त्यांचा पीएफ, विमा आणि आमची बचत मिळून ५८ लाख आहेत. घर स्वतःचं, महिन्याचा खर्च ४०,००० च्या आसपास, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीत. हे दर रविवारी वस्तीतल्या मुलांना गॅलरीत बसवून व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) वाचायला शिकवायचे. त्यांच्या नावाने २५ लाखांचा ट्रस्ट काढून गरजू मुलांना कायमची शिष्यवृत्ती द्यावी असं मनात आहे. दीर म्हणतात, ट्रस्टच काढा, करही वाचेल. मुलगा म्हणतो, बाबांच्या शाळेत ठेव ठेवून मोकळी हो. काय करू?

नमस्कार ताई,

माझं मत आधीच सांगते. ट्रस्ट काढू नका आणि शाळेत ठेवही ठेवू नका. आत्ता १० लाख वेगळे काढा, ते स्वतःच्याच नावावर राहू द्या आणि पुढच्या १० वर्षांत मुलांवर पूर्ण खर्च करून टाका. मुद्दलासकट. ‘कायमची’ हा शब्द तुम्ही मनाशी धरलाय हे मला समजतं, पण नेमका त्याच शब्दाने अशा निधीचा घात होतो. का ते सांगते, पण त्याआधी तुमच्या स्वतःच्या पैशांबद्दल.

दोन्ही पेन्शन धरून महिन्याला ३५,५०० येतात, म्हणजे साडेचार हजार कमी पडतात. आज फरक किरकोळ वाटेल, पण महागाई ६ टक्के आणि व्याज ७ टक्के धरलं तर वयाच्या नव्वदीपर्यंत हा फरक भरून काढायला आज साधारण १४ लाख हाताशी हवेत. दवाखाना आणि घराची दुरुस्ती यांसाठी ५ लाख. आणि मोठी रक्कम लागते ती शेवटच्या काळातल्या सोबतीसाठी. घरी चोवीस तासांची बाई ठेवायची तर आजच महिन्याला २५,००० च्या खाली हिशोब धरू नये. पंधरा वर्षांनी अशी पाच वर्षं काढायची वेळ आली तर त्यासाठी आज १५ लाख बाजूला हवेत. मुलगा कितीही गुणी असला तरी ही तरतूद तुमची तुम्हीच केलेली बरी. हे १५ लाख आणि वरच्या १४ लाखांतला बराच भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. तिची मर्यादा ३० लाख आहे.

असे ३४ लाख बाजूला ठेवल्यावर २४ उरतात. म्हणजे देण्याची ऐपत तुमची नक्कीच आहे. फक्त सगळं एका दमात देऊ नका. यजमान जाऊन वर्षच झालंय. उरलेले १४ लाख सध्या हात न लावता राहू द्यात, त्यांचा निर्णय चार-पाच वर्षांनी घ्या.

आता ट्रस्ट. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, विश्वस्त जमवणं, वेगळा पॅन, दरवर्षी हिशोब तपासून घेऊन सादर करणं, आयकराची वेगळी नोंदणी आणि ती मुदतीत नव्याने करून घेणं, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, हे सगळं मागे लागतं. सीएची फी आणि इतर खर्च धरून वर्षाला २०-२५ हजार सहज जातील असा माझा अंदाज आहे. दीर आज उत्साहात आहेत, पण दहा वर्षांनी चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसात कोण खेटे घालणार हे त्यांना आजच विचारा. ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवायचा यावरही कायद्याची बंधनं असतात, त्यामुळे तो बहुतेक ठिकाणी बँकेच्या ठेवीतच पडून राहतो.

कर वाचण्याचं म्हणाल तर तुमच्या बाबतीत तो मुद्दा बादच आहे. देणगीवरची ८०जीची वजावट नव्या करपद्धतीत मिळत नाही. पेन्शन आणि ५८ लाखांचं व्याज धरून तुमचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आसपास जाईल, आणि १२ लाखांपर्यंत नव्या पद्धतीत तसाही कर लागत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचवण्यासाठी ट्रस्ट कशाला?

शाळेतल्या ठेवीचं काय होतं ते तुम्ही शिक्षिका म्हणून डोळ्यांनी पाहिलं असेल. वार्षिक बक्षीस समारंभात ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं माइकवर वाचलं जातं, मूल स्टेजवर येतं, पाकीट घेतं. १९८० च्या सुमारास कुणी श्रद्धेने २,००० रुपये ठेवले असतील, तर ७ टक्क्यांनी त्यांचं व्याज आजही १४० रुपयेच येतं. त्या काळी एवढ्यात एका मुलाची वर्षभराची वह्या-पुस्तकं आली असती. आज त्यात एक गाईडही येत नाही. यात शाळेची चूक नाही. मुद्दल तसंच ठेवायचं आणि सगळं व्याज वाटायचं ठरलं की हे होणारच.

निधीची किंमत खरोखर टिकवायची तर व्याजातला महागाईचा वाटा दरवर्षी मुद्दलात परत टाकावा लागतो. ७ टक्के व्याज, ६ टक्के महागाई, मग वाटायला उरतो १ टक्का. म्हणजे तुमच्या २५ लाखांतून वर्षाला फक्त २५,०००. ते ट्रस्टच्या कागदपत्रांतच जातील.

त्याऐवजी १० लाख १० वर्षांत संपवायचे ठरवले, तर पहिल्या वर्षी १ लाख देता येतात आणि दरवर्षी ही रक्कम ६ टक्क्यांनी वाढवता येते. दहाव्या वर्षी ती १ लाख ६९ हजार होते. एकूण १३ लाखांच्या वर रक्कम मुलांच्या हातात पडते. ज्यांना यजमानांच्या नावाने आधार मिळाला अशी काही मुलं तोवर मिळवती झालेली असतील. मला हे १४० रुपयांच्या पाकिटापेक्षा फार मोलाचं वाटतं.

हे पैसे एफडीत असे विभागून ठेवा की दर जूनमध्ये एकीची मुदत संपेल. व्याजाचा दर थोडा खालीवर झाला तरी चालेल, पण जूनमध्ये पैसे हातात हवेत. ठाण्यात आपली खाती बहुधा सहकारी बँकांत असतात, तेव्हा एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या वर जाऊ नका. ठेवीचा विमा तेवढ्यालाच आहे. हा पैसा शेअर बाजारात नको. कबूल केलेली फी बाजार पडला म्हणून थांबवता येत नाही.

कोणाला द्यायचं ते यजमानांच्या रविवारच्या गॅलरीनेच ठरवलंय: दहावीनंतर पॉलिटेक्निक किंवा आयटीआयला जाणारी मुलं. आणि इथे एक गोष्ट नीट बघा. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी राज्य सरकार माफ करतं. इतरही सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. म्हणून नुसती फी भरायची असा नियम करू नका. अडतं ते दुसरीकडे: प्रवेशाच्या वेळी एकदम लागणारी रक्कम, दिवा-कळव्याहून येण्याचा रेल्वे पास, ड्रॉइंगचं साहित्य, वर्कशॉपचे बूट, जुना का होईना एक लॅपटॉप. सरकारी पैसे खात्यात यायला उशीर होतो, आणि तेवढ्या काळात मुलगा गाडीवर डिलिव्हरीला लागतो तो परत वर्गात येत नाही. तुमच्या पैशाने ती मधली फट बुजवा.

९० टक्केवाल्यांना सत्कार आणि देणगीदार पुष्कळ मिळतात. तुम्ही ६०-६५ टक्क्यांचा, सकाळी पेपर टाकून शाळेत येणारा मुलगा शोधा. एकदा निवडला की डिप्लोमाची तिन्ही वर्षं त्याच्या पाठीशी राहा. आठव्या वर्षानंतर नवीन मूल घेऊ नका, म्हणजे शेवटच्या मुलाचंही शिक्षण पूर्ण होईल. पैसे मुलाच्या खात्यात दोन हप्त्यांत द्या, एक प्रवेशाला आणि दुसरा दिवाळीनंतर. शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीवर त्याला कर लागत नाही.

निवड मात्र स्वतः करू नका. नात्यातून, सोसायटीतून शब्द टाकले जातील आणि नाही म्हणताना तुम्हालाच त्रास होईल. ठाण्यात विद्यादान सहाय्यक मंडळ दहावीनंतरच्या गरजू मुलांना देणगीदार आणि मार्गदर्शक जोडून देतं. समता विचार प्रसारक संस्था वस्त्यांमधल्या मुलांसोबत काम करते. अशा एखाद्या संस्थेशी किंवा थेट पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांशी बोला. घरी जाऊन कोण बघणार, मूल नापास झालं तर एक वर्ष थांबायचं की नाही, न वापरलेल्या पैशांचं काय, हे पत्रावर लिहून घ्या. मुलाला आई-वडिलांसकट स्टेजवर उभं करून फोटो काढायचा नाही, हेही त्यातच लिहा. यजमानांचं नाव आणि ते काय शिकवायचे याच्या दोन ओळी मुलाला मिळणाऱ्या पत्रावर असल्या की पुरे.

तुमच्या मुलाला या सगळ्यात आत्ताच घ्या. १० वर्षं व्हायच्या आत तुमचं काही बरंवाईट झालं तर या एफडी त्याच्याकडे जातील, आणि नॉमिनी लावला म्हणजे पैसा कशासाठी आहे हे लिहिलं असं होत नाही. म्हणून मृत्युपत्रात स्पष्ट कलम घाला: उरलेली रक्कम ज्या मुलांना कबूल केलीय त्यांच्यावरच खर्च व्हावी. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. कायमस्वरूपी निधीची इच्छा तेव्हाही तेवढीच असली तर त्याच मृत्युपत्रातून एखाद्या चालत्या संस्थेला मोठी रक्कम देता येईल, दरवर्षी व्याजाचा काही भाग मुद्दलात टाकायच्या अटीवर.

दहावीचा निकाल लागला की पॉलिटेक्निकचे प्रवेश लगेच सुरू होतात. तेव्हा संस्थेशी बोलणं एप्रिलपर्यंत उरका, आणि पहिल्या वर्षी तीनच मुलं घ्या.