‘प्रोफाइलमध्ये लिहिण्यासारखं माझ्याकडं काय आहे?’

कॅम्पस मुलाखतींचे दिवस जवळ आले, की कोल्हापूर परिसरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी माझ्याकडे एकच चिंता घेऊन येतात: लिंक्डइनवर खाते उघडले आहे, पण पुण्या-मुंबईच्या मुलांची प्रोफाइल पाहिली की काही लिहायला हात धजत नाही. अशा अनेक हकिगती एकत्र करून, कोणाचीही ओळख पटणार नाही अशा बेताने, एक येथे मांडते.

यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली ती मुलगी म्हणाली, “मॅडम, इंटर्नशिप नाही, बक्षीस नाही. उगाच काही लिहिलं तर वर्गातली पोरं हसतील.”

“हसली तर?”

“लाज वाटेल.”

“आणि त्यानंतर?”

यावर तिला उत्तर सुचले नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार मला फार मोलाचा वाटतो. कोणी हसू नये ही इच्छा रास्तच आहे, परंतु कोणी हसताच कामा नये हा हट्ट माणसाला जागीच खिळवून ठेवतो. हा हट्ट काही भेटींत सैल झाला, तरी प्रोफाइल कोरेच होते. म्हणून मी सुट्टीविषयी विचारले.

“काही नाही. शिरोलीला मामांच्या फाउंड्रीत बसते. रिजेक्ट झालेली कास्टिंग वहीत लिहिते.”

कास्टिंग म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून घडवलेला भाग. पुढच्या भेटीला तिने ती वही आणली. तारीख, पार्टचे नाव, दोष असे रकाने पेन्सिलीने आखलेले होते आणि ‘ब्लो होल’, म्हणजे धातूत राहिलेली पोकळी, या नोंदीपुढे अनेक ठिकाणी ‘वाळू ओली’ असे लिहिले होते. मी कारण विचारताच ती भरभरून बोलू लागली. “ओल जास्त झाली की वाफ होते, मॅडम. तिला साच्यातून निघायला वाट मिळाली नाही, की ती धातूतच अडकते.”

“आत्ता बोललीस, तेच लिही.”

“पण हे तर घरचं काम आहे!”

उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखान्यांच्या सावलीत वाढलेली आपली मुले, प्रमाणपत्र मिळाले नाही म्हणून घरच्या कामाला अनुभवच मानत नाहीत, हे मला त्या वाक्याने लख्ख दिसले, आणि तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी घरच्या कामाविषयी विचारते.

नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा असते, तेथील ‘मेहनती विद्यार्थिनी’ काढून तिने ‘यंत्र अभियांत्रिकी, तिसरे वर्ष, कास्टिंगमधील दोषांच्या नोंदी आणि कारणांचा अभ्यास’ असे लिहिले. ‘तज्ज्ञ’ हा शब्द मी कोणालाच लिहू देत नाही, कारण मुलाखतीत विचारल्यावर जे सांगता येईल तेवढेच प्रोफाइलमध्ये असावे. ग्राहकांची नावे किंवा ड्रॉइंगचे फोटो मात्र मामांना विचारल्याशिवाय टाकू नयेत, हेही तिला बजावले.

ओळखी वाढवताना विद्यार्थी फक्त मित्रांनाच जोडतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते, की नोकरीची खबर बहुधा अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून मिळते. म्हणून महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी शोधावेत आणि पहिल्याच निरोपात नोकरी न मागता त्यांच्या कामाविषयी एक नेमका प्रश्न विचारावा. तिने लिहिले, “मी आपल्याच महाविद्यालयात शिकते. आपल्याकडे येणाऱ्या कास्टिंगमधील ब्लो होल मशिनिंगच्या आधी कसे ओळखता?” पहिल्या दोघांकडून उत्तर आले नाही, तेव्हा ती पुन्हा खचू लागली, मी तिला तिसऱ्याला लिहायला सांगितले, आणि त्यांनी सविस्तर उत्तर पाठवले.