अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीच्या इतिहासावरचं नवं संशोधन विश्वासणाऱ्याने वाचावं का?

तुम्ही विचारलंय की एलन व्हाइट आणि सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी यांच्यावर अलीकडे जे संशोधन येतंय ते मंडळीच्या विरोधातलं आहे का, आणि विश्वासात असलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जावं का. मी याच मंडळीत वाढलो, शनिवारचा शब्बाथ पाळतो आणि बरीच वर्षं हे वाचत आलोय. माझं उत्तर स्पष्ट आहे : वाचा, आणि मूळ कागदांपासून वाचा.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्क राज्यातले विल्यम मिलर हे शेती करणारे बॅप्टिस्ट गृहस्थ. दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांची मोजणी त्यांनी इ. स. पू. ४५७ पासून धरली. त्यांच्या चळवळीने शेवटी ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख नक्की केली. ख्रिस्त त्या दिवशी आला नाही. त्या निराशेतून सावरलेल्या लहानशा गटाने १८६३ मध्ये मंडळीची रीतसर स्थापना केली. मेन राज्यातल्या एलन हार्मन, लग्नानंतरच्या एलन व्हाइट, या गटाच्या संदेष्ट्या मानल्या गेल्या.

विरोधात की बाजूने, ही विभागणी १९७०-८० च्या दशकांतली. इतिहासकार रोनाल्ड नंबर्स यांनी १९७६ सालच्या पुस्तकात एलन व्हाइट यांची आरोग्यविषयक शिकवण त्या काळच्या इतर सुधारकांच्या लेखनाशी ताडून पाहिली. मंडळीकडून त्याला पुस्तकभर उत्तर आलं. १९८० मध्ये कोलोरॅडोतल्या ग्लेशियर व्ह्यू इथे मंडळीचे ईश्वरज्ञानाचे अभ्यासक डेस्मंड फोर्ड यांनी १८४४ च्या पवित्रस्थानाच्या शिकवणीवर (ख्रिस्ताने त्या दिवशी स्वर्गातल्या पवित्रस्थानात न्यायाचं काम सुरू केलं, ही ती शिकवण) लिहिलेलं जवळजवळ हजार पानांचं हस्तलिखित चर्चेला आलं आणि त्यानंतर त्यांची पाळकाची सनद गेली. तेव्हाच्या लोकांना बाजू घ्यावीच लागत होती. त्या जखमा आजही भरलेल्या नाहीत, हे मला मान्य आहे.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं काही सापडलं असेल, तर ते कुणाचं पुस्तक नव्हे. ती आहेत १९१९ च्या बायबल परिषदेची टंकलिखित इतिवृत्तं. एलन व्हाइट जाऊन चार वर्षं झाली होती. वॉशिंग्टनजवळ टाकोमा पार्कला मंडळीचे पुढारी, संपादक आणि शिक्षक जमले. ३० जुलै आणि १ ऑगस्टला शिक्षकांनी अध्यक्ष ए. जी. डॅनियल्स यांना थेट विचारलं : एलन व्हाइट यांच्या लिखाणातला इतिहास चुकू शकतो का? वर्गात मुलांना काय सांगायचं? डॅनियल्स यांनी ऑस्ट्रेलियात एलन व्हाइट यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलेलं, त्यामुळे ते ऐकीव बोलत नव्हते. पौलाच्या चरित्रावरच्या एलन व्हाइट यांच्या १८८३ च्या पुस्तकात इतर लेखकांचा मजकूर आल्याचं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तरीही एलन व्हाइट यांना देवाचं पाचारण होतं, हा त्यांचा विश्वास ढळला नव्हता. हे कागद पडून राहिले, १९७४ मध्ये अभिलेखागारात सापडले आणि १९७९ मध्ये छापून आले. मधली पिढ्यान्‌पिढ्या माणसं या प्रश्नांशी एकेकटी झगडत राहिली. त्यांच्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी तेच प्रश्न प्रार्थनापूर्वक, एकमेकांना सांभाळून घेत विचारले होते, हे त्यांना कळलंच नाही. मला याचं आजही मनापासून वाईट वाटतं.

(पुणेकरांसाठी एक धागा : १९२२ मध्ये डॅनियल्स पायउतार झाले आणि डब्ल्यू. ए. स्पायसर अध्यक्ष झाले. आपल्या औंधजवळच्या स्पायसर या मंडळीच्या विद्यापीठाचं नाव त्यांच्यावरूनच.)

दुसरा कागद त्याहून जुना आहे. फेब्रुवारी १८४५ मध्ये मेनमधल्या अ‍ॅटकिन्सन गावी इस्रायल डॅमन या मिलर यांच्या चळवळीतल्या उपदेशकाला अटक झाली. खटल्यातल्या साक्षी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आल्या आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. साक्षीदार सांगतात : घरात आरडाओरडा, जमिनीवर रांगणारी माणसं, पाय धुणं, आणि उशीवर डोकं ठेवून पडलेली, दृष्टान्त सांगणारी एक तरुणी. ती तरुणी म्हणजे सतरा वर्षांची एलन. पुढे त्यांनी स्वतः या प्रसंगाबद्दल लिहिलं, तेव्हा भर राहिला तो अटक करायला आलेल्यांना डॅमन यांना हलवता येईना, यावर. दोन्ही वर्णनं शेजारी ठेवून वाचली की सुरुवातीच्या त्या माणसांची भूक आणि धग कळते, जी आपल्या नीटनेटक्या मंडळी-इतिहासात कधी जाणवत नाही.

ईश्वरज्ञानाच्या बाजूनेही असंच झालंय. एलन यांचे पती जेम्स व्हाइट आणि जोसेफ बेट्स या मंडळीच्या संस्थापकांना त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही) शिकवण मान्य नव्हती, आणि ती मंडळीत हळूहळू, विसाव्या शतकात स्थिरावली. ‘आम्ही पहिल्यापासून हेच मानत आलो’ असं सांगणाऱ्या पाळकांना हे जड जातं. मला मात्र यात देवाने माणसांना शिकवत नेलेलं दिसतं.

अलीकडचं म्हणाल, तर ऑक्सफर्डने २०१४ मध्ये एलन व्हाइट यांच्यावर लेखसंग्रह काढला. त्याच्या संपादकांत मंडळीतले अभ्यासक आणि स्वतः नंबर्स, दोघंही होते. २०२४ मध्ये त्याच प्रकाशनाचा या मंडळीवरचा जाडजूड संदर्भग्रंथ आला. त्याच्या एक संपादक क्रिस्टी चाव यांनी आधी चीनमधल्या अ‍ॅडव्हेंटिस्टांवर पुस्तक लिहिलंय, म्हणजे अभ्यास आता अमेरिकेच्या बाहेर पडलाय.

सुरुवात मात्र या ग्रंथांपासून करू नका, ते महागही आहेत. १९१९ ची इतिवृत्तं मंडळीच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ३० जुलै आणि १ ऑगस्टच्या बैठका आधी वाचा, त्यावर कुणी काय लिहिलंय ते नंतर. शक्य असेल तर मंडळीतल्या एखाद्या विश्वासू माणसासोबत बसून वाचा.