ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉटच्या अंटार्क्टिकावरच्या घरातल्या वस्तूंची नोंद कशी केली गेली?

आधी वस्तू जिथे आहे तिथेच तिचा फोटो, मग जागेची नोंद, मग क्रमांक. त्यानंतरच ती उचलायची. केप इव्हान्सवर १९११ साली उभारलेल्या या लाकडी घरातल्या १०,००० हून जास्त वस्तूंचं काम न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टने केलं. गंजके डबे, कपडे, प्रयोगशाळेतल्या बाटल्या, सगळंच. डागडुजी झाली की वस्तू परत आपल्या जागी, त्याच घरात. मला हे फार मोलाचं वाटतं. डबा संग्रहालयात नेला की तो कुणाच्या बिछान्याजवळ होता हे कळायला मार्ग उरत नाही.

या चिकाटीतून काय हाती लागतं बघा. स्कॉटच्या मोहिमेतला छायाचित्रकार पाँटिंग याच्या या घरातल्या डार्करूममध्ये एकमेकांना चिकटलेल्या निगेटिव्हांचा छोटासा गठ्ठा सापडला. न्यूझीलंडमध्ये तज्ज्ञांनी एकेक पापुद्रा अलगद सोडवला आणि २२ निगेटिव्ह सुट्या झाल्या. त्या स्कॉटच्या मोहिमेतल्या नव्हत्याच! शॅकल्टन या दुसऱ्या ध्रुवीय शोधकाच्या मोहिमेची रॉस सी तुकडी १९१५ मध्ये जहाज वाहून गेल्यावर याच भागात अडकली होती आणि या घरात राहिली होती; निगेटिव्ह त्या काळातल्या. एका फोटोत तुकडीचे मुख्य शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्टीव्हन्स 'ऑरोरा' जहाजाच्या डेकवर उभे दिसतात.