‘चेक’च्या पोटातला शाह

प्रश्न असा: ‘चेक करणे’मधला चेक, बँकेत भरायचा चेक आणि चेक्सच्या शर्टातला चेक हा एकच शब्द, की योगायोगाने सारखे वाजणारे तीन? आणि क्रॉसचेकला ‘उलटतपासणी’ म्हटलं तर चालेल का?

आधी माझी कुरकुर. लोक ताप चेक करतात, चव चेक करतात, दाराला कडी घातली का ते चेक करतात, पाऊस थांबला का तेही चेक करतात. ‘एकदा तपासून चेक करा’ हेसुद्धा मी या कानांनी ऐकलं आहे. अहो, ताप बघतात, चव घेतात, नाणं पारखतात, हिशेबाचा ताळा बघतात, बातमीची खातरजमा करतात, खिसे चाचपतात आणि संशय आला तर झडती घेतात. इतकी हत्यारं पेटीत असताना प्रत्येक नटाला एकच पाना लावायचा हा काय हट्ट?

असो. उत्तर: शब्द एकच. तपासणे, आवरणे, बरोबरची खूण, सामान सोपवल्याची पावती, अमेरिकेतलं हॉटेलचं बिल हे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील, त्यांत मी वेळ घालवत नाही. खरी मौज बुद्धिबळाच्या पटावर आहे. चेक म्हणजे शह. भाषांतर म्हणून नव्हे, तर शब्दशः तोच शब्द!

फारसीत शाह म्हणजे राजा. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मोहरा रोखला की खेळणारा ‘शाह!’ म्हणून बजावायचा, म्हणजे ‘राजा सांभाळ’. आपण ‘राजाला शह दिला’ म्हणतो तेव्हा अक्षरशः राजाला राजा देत असतो. खेळ इराणातून अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला. लॅटिनमध्ये ‘श’ नव्हता, शेवटच्या ‘ह’चं काय करायचं तेही कळेना, तेव्हा शाहचा ‘स्काकुस’ झाला. जुन्या फ्रेंचला शब्दाच्या सुरुवातीचा ‘स्क’ पेलत नसे, म्हणून तिने पुढे ‘ए’ लावला, आपल्याकडे स्कूलचं इस्कूल होतं तसा. झाला ‘एस्चेक’. इंग्रजांनी तो ‘ए’ पुन्हा उडवला आणि उरला चेक. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन म्हणजे ‘चेस’. इंग्रज बुद्धिबळाला चेस म्हणतो तेव्हा त्याच्या नकळत ‘शाहलोक’ म्हणत असतो.

राजावर चाल आली की बाकी सगळी खेळी थांबते. म्हणून चेक म्हणजे अडवणूक, मग लगाम, मग अंकुश, आणि अंकुश ठेवायचा तर नजर हवी म्हणून शेवटी तपासणी. तुम्ही चेक करता ती कडी या साखळीच्या अगदी शेवटच्या दुव्याला लटकलेली आहे.

आता माझा लाडका भाग. शाहच्या मागे जुन्या फारसीत ‘ख्शायथिय’ आहे. दारयवहू, म्हणजे ग्रीकांचा डरायस, या इराणी सम्राटाने इ. स. पू. ५२०च्या सुमारास इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून घेतलेल्या लेखात स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हटलं आहे, म्हणजे राजांचा राजा. पुढे याचंच शहेनशाह झालं. ते ‘-आनाम्’ ओळखीचं वाटलं का? ‘देवानाम्’मधलीच षष्ठी आहे ती. आणि ‘ख्शाय’ म्हणजे आपला ‘क्षि’ धातू, वेदांतलं ‘क्षयति’, राज्य करतो. त्यातूनच क्षत्र आणि क्षत्रिय. म्हणजे दाराची कडी चेक करणारा माणूस क्षत्रियाच्या चुलतभावाला कामाला लावतो.

इथे काही उत्साही मंडळी लगेच ‘छत्रपती’ही या कुळात ओढतात. ओढू नका. क्षत्रप या कुळातला खरा, पण छत्रपतीतलं छत्र ‘छद्’ म्हणजे झाकणे यातून आलेलं, डोक्यावर धरायचं छत्र. उच्चार जवळ आले म्हणून सोयरीक होत नाही. याच न्यायाने चेकमेटमधला ‘मेट’ दोस्तीचा नव्हे. तो आपल्या ‘संकटावर मात’मधला मात आहे. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, असं पुस्तकामागून पुस्तक सांगतं. मला ते बिलकूल पटत नाही. पटावर राजा कधी मरतो? प्यादी मरतात, वजीर मरतो, राजाला हलायला घर उरत नाही एवढंच. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबुद्ध, निरुपाय. हा अर्थ खेळाला चपखल बसतो, आणि खेळ अरबांनी घेतला तो इराण्यांकडूनच.

शर्टाचं सोपं आहे. पटावरच्या घरांसारखं कापड म्हणून चेक्स, आपली चौकडी. पण त्याच पटाने इंग्लंडचा खजिनाही बारशाला बसवला. बाराव्या शतकात हेन्री दुसरा याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने खजिन्याच्या कामकाजाचं वर्णन गुरुशिष्यांच्या संवादात लिहून ठेवलं आहे. सुमारे दहा फूट लांब नि पाच फूट रुंद मेज, त्यावर रेघांचं काळं कापड, आणि त्या घरांमधून सोंगट्या सरकवून केलेला हिशेब. मेज पटासारखं दिसे म्हणून खात्याचं नाव एक्सचेकर, आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्या पटाचाच चान्सलर, ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’. गुरू वर सांगतो की पटावर दोघांची झुंज, तशी इथे खजिनदार आणि हिशेब द्यायला आलेला शेरीफ यांची. हिशेबनिसाला इतका रसिक मी दुसरा पाहिला नाही.

राहिला बँकेचा चेक. तो अरबी ‘सक्क’वरून, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी हमीपत्रावरून आला असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. सक्क होता, याबद्दल वाद नाही. दहाव्या शतकातल्या इब्न हौकल या प्रवाशाने सहाराच्या कडेला ४२,००० दिनारांचा सक्क पाहिल्याचं लिहिलं आहे. पण वस्तू सारखी म्हणून शब्द तोच, हे कुठलं तर्कशास्त्र? इंग्लंडमधला एक अगदी जुना चेक १६५९ सालचा आहे, ४०० पौंडांचा. तेव्हा त्या कागदाला चेक म्हणतच नव्हते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणू लागले ते स्थळप्रतीला, म्हणजे मागे ठेवायच्या अर्ध्या तुकड्याला. कारण त्याच्याशी ताडून लबाडीला ‘चेक’ बसायचा. नाव मग सरकत अख्ख्या कागदावर गेलं. इंग्रजांचं ते शेपटीवालं स्पेलिंग (cheque) एक्सचेकरच्या तोऱ्यातून आलं. अमेरिकनांनी साधंच (check) ठेवलं. सक्कवाल्यांनी मधली सहा-सातशे वर्षं कागदोपत्री भरून दाखवावीत, मी शब्द मागे घेईन. तोवर नाही. आपला ‘धनादेश’ मात्र नेमका आहे, पैसे देण्याचा बँकेला दिलेला आदेश, उगाच त्याची टर उडवतात.

चेक प्रजासत्ताकाचा यातल्या कशाशीही संबंध नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, देवनागरीने सगळ्यांना एका माळेत ओवलं इतकंच.

हां, क्रॉसचेक राहिलाच. उलटतपासणी नको, ती कोर्टात साक्षीदाराची होते, कागदांची नाही. ‘पडताळून पाहणे’ किंवा ‘ताडून पाहणे’ म्हणा. आणि कृपा करून ‘पडताळून चेक’ म्हणू नका.