अमेरिकेत अपक्ष उमेदवार फारसे निवडून का येत नाहीत? लोकांनाच दोन पक्ष हवे असतात का?

मला नाही तसं वाटत. आपलं मत वाया जाईल ही भीती लोकांना दोघांकडे ढकलते, आणि ती भीती मतमोजणीच्या पद्धतीतून येते.

मेन राज्याचंच घ्या. तिथे 2010 साली गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पॉल लपेज यांना सुमारे 38 टक्के मतं मिळाली, अपक्ष एलियट कटलर यांना 36 आणि डेमोक्रॅटिक उमेदवाराला 19. सर्वाधिक मतं लपेज यांना, म्हणून तेच गव्हर्नर. 2014 ला कटलर पुन्हा उभे राहिले. माणूस तोच, पण यावेळी ते शर्यतीत नाहीत असा समज झाला आणि मतं 8 टक्क्यांवर आली. लपेज परत जिंकले.

हाच हिशेब अपक्षाच्या बाजूनेही लागतो. 2024 ला सांगलीत भाजपला टक्कर विशाल पाटीलच देणार हे लोकांनी ओळखलं. आघाडीचा अधिकृत उमेदवार साठेक हजार मतांवर अडकला आणि अपक्ष पाटील लाखाच्या फरकाने खासदार झाले.

म्हणजे मनातला उमेदवार बाजूला ठेवून आधी अंदाज बांधावा लागतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

मी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलंय. तिथे ईव्हीएम नसतं. कागदी मतपत्रिका आणि जांभळा स्केचपेन हातात देतात, नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. मी न घाबरता 1 आवडत्या अपक्षाला दिला, कारण तो बाद झाला तरी माझं मत 2 लिहिलेल्याकडे जाणार होतं.

मेनच्या मतदारांनी 2016 ला सार्वमत घेऊन अशीच पद्धत आणली. 2018 ला तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, क्रमांक दोनच्या मतदारसंघात पहिल्या फेरीत रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन पुढे होते, पण 50 टक्के कुणालाच नव्हते. दोन अपक्ष बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजल्या आणि डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन जिंकले. अपक्ष हरलेच, पण त्यांना मत देणाऱ्यांनाही अंतिम निकालात वाटा मिळाला.

वाईट याचं वाटतं, की ज्या गव्हर्नरपदामुळे ही मागणी पेटली त्याच्या मुख्य निवडणुकीत ही पद्धत लागूच नाही. राज्यघटनेत सर्वाधिक मतांचा नियम आहे, असं मत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 ला दिलं.