वाचकांचे प्रश्न : जाखडीच्या पोशाखात दिवे

प्रश्न : आमच्या वाडीचे जाखडी मंडळ गणपतीत घरोघरी नाचते. यंदा आठही नर्तकांच्या पोशाखात एलईडी पट्ट्या बसवून त्यांचे रंग ढोलकीबरोबर एकदम बदलावेत, असा मुलांचा हट्ट आहे. वायर न ओढता हे जमेल का? (एक वाचक, ता. गुहागर)

उत्तर : जमेल, आणि जाखडीची रचनाच त्याला सोयीची आहे. बुवा आणि ढोलकीवाले मध्ये बसतात व नर्तक त्यांच्याभोवती फेर धरतात, त्यामुळे संदेश पाठवणारा बोर्ड ढोलकीवाल्याशेजारी ठेवला की सारे पोशाख त्याच्यापासून थोड्याच अंतरावर राहतात. हा बोर्ड आणि प्रत्येक पोशाखातील एकेक बोर्ड ईएसपी३२ जातीचा घ्यावा; हा प्रोग्राम भरता येणारा आणि बिनतारी संदेश पाठवणारा-घेणारा छोटा बोर्ड असतो. ईएसपी-नाऊ या पद्धतीने हे बोर्ड राउटरशिवाय आणि इंटरनेटशिवाय एकमेकांशी थेट बोलतात, म्हणून वाडीत मोबाइलला रेंज नसली तरी अडत नाही.

मुले बहुधा प्रत्येक दिव्याचा रंग मधल्या बोर्डावरूनच पाठवायला जातील. तसे करू देऊ नये. या पद्धतीच्या मूळ आवृत्तीत एका संदेशात २५० बाइटच मावतात, एका दिव्याच्या रंगालाच ३ बाइट लागतात, आणि सर्वांना उद्देशून सोडलेल्या संदेशाची पोच मिळत नाही. रंगांचे सगळे नमुने प्रत्येक पोशाखातील बोर्डावरच भरून ठेवावेत आणि मधल्या बोर्डावरून केवळ नमुन्याचा क्रमांक पाठवावा, तोही सेकंदाला अनेकदा; म्हणजे एखादा संदेश हुकला तरी पुढचा तो चटकन भरून काढतो. बोर्ड कमरेला पाठीमागे खोचू नये, कारण हे बोर्ड ज्यांवर बोलतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातील पाण्यात शोषल्या जातात आणि नर्तक वळला की त्याचेच अंग आड येते. खांद्यावर शिवलेला बरा.

अशा पट्ट्यांतला, प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येणारा डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. ६० दिव्यांचे ३.६ अँपिअर होतात, आणि नेहमीची पॉवर बँक ५ व्होल्टला २ अँपिअरच्या आसपासच देते. प्रोग्राममध्ये उजेड पाव पटीवर बांधून टाकावा. रात्रीच्या अंगणात तेवढा पुरतो, आणि खरे सांगायचे तर त्याहून जास्त उजेडात नाच दिसतच नाही. बोर्डाचा संकेत ३.३ व्होल्टचा आणि पट्टी ५ व्होल्टची असल्यामुळे दिवे मध्येच वेडेवाकडे लुकलुकू शकतात. त्यासाठी दोहोंमध्ये संकेत ५ व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप घालावी.

नाचात सर्वांत आधी दगा देईल ती मात्र पोशाखातली वायर. अनेक बारीक तारांची मऊ वायर घेतली तरी सोल्डर करताना वितळलेले कथील तारांमधून थोडे वर चढते आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो नेमक्या त्या जागी प्रत्येक ठेक्याला वायर वाकत राहते आणि अखेर तुटते. म्हणून सांध्यापासून दोन-तीन बोटांवर वायर कापडाला दोऱ्याने पक्की टाचून घ्यावी आणि मधला भाग किंचित सैल सोडावा. चाळ बांधलेल्या पायावर पट्टी लावूच नये.

प्रश्न : मागील वर्षी शिवलेल्या पट्ट्यांचे सांधे पेटीत राहून हिरवे पडले. सिलिकॉन लावूनही असे का झाले? (एक वाचक, मालवण)

उत्तर : खाऱ्या दमट हवेत तांबे हिरवे पडतेच, पण लावताना सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता का, हे आठवून पाहावे. ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि तेच तांब्याला खाते. न्यूट्रल क्युअर (म्हणजे सुकताना असे आम्ल न सोडणारे) असे लिहिलेली नळी मागावी. नवे सांधे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, आतून गोंद असलेल्या हीट-श्रिंक (तापवली की आवळणाऱ्या) नळीत बंद करावेत, आणि घामाने भिजलेला पोशाख पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत घालू नये. पॉवर बँक तर काढून वेगळीच ठेवावी.